कूलरच्या सुरातली भजनं

कॅसेटवरचा आवाज साफ करणारा प्रोग्रॅम मी लिहिलाय, ही बातमी आईने भजनी मंडळात फोडली आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या क्वार्टरची बेल थांबेना. मी तेव्हा भिलाईतल्या नेहरू नगरच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचे. पगारातून घेतलेला कॉम्प्युटर बैठकीत टेबलावर होता आणि माझा प्रोग्रॅम अजून कच्चाच होता. पण मंडळातल्या बायकांना धीर कुठला!

एकीला स्वतःचा आवाज जरा पातळ करून हवा होता. दुसरीला शेजारी बसणारीचा आवाज कमी हवा होता, "पण तिले सांगू नको बरं." तिसरीने नातवाचे बोबडे बोल टेप केले होते. त्यांच्या मागे तिच्या नवऱ्याचं ओरडणं होतं, तेवढं उचलून टाक म्हणाली. चहा घेता घेता हे सगळं मला कानात सांगितलं जायचं. सगळ्यांच्या मागण्या पुऱ्या केल्या असत्या तर मंडळाच्या कॅसेटवर नुसते टाळ उरले असते.

खरं तर माझ्या प्रोग्रॅमला एकच गोष्ट यायची. सुरुवातीपासून शेवटपर्यंत जे एकसारखं वाजत राहतं ते नको असलेलं, एवढंच मी त्याला शिकवलं होतं. टेपची खरखर, पंख्याची घरघर तो शोधून काढून टाकायचा. याचा मला केवढा गर्व होता, काय सांगू.

आईला मात्र त्याची खरीच गरज होती. नागपुरात भजनस्पर्धा होती आणि बाहेरगावच्या मंडळांनी आधी कॅसेट पाठवायची होती. कॅसेट पसंत पडली तरच बोलावणं. आईचं माहेर नागपूर. लग्न होऊन भिलाईला, पोलाद कारखान्याच्या वसाहतीत आल्यापासून माहेरी तिचं गाणं कुणी ऐकलं नव्हतं, आणि मोठी मावशी दर भेटीत म्हणायची, "तुह्या गळ्याचं त्या भट्टीत लोखंड झालं असंल." आई हसण्यावारी न्यायची, पण तिला ते लागायचं. मावशीसमोर एकदा गायचं, बस, एवढंच तिला हवं होतं.

भजन टेप झालं ते आमच्याच बैठकीत, मे महिन्यात, कूलर लावून. भिलाईत मे महिन्यात कूलर बंद करायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. त्याचा आवाज आम्हाला ऐकूच येत नसे. मी कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घेतली, प्रोग्रॅम चालवला, कूलर गायब झाला आणि मंडळाला मोठ्या थाटात ऐकायला बसवलं.

पहिली ओळ संपेपर्यंत सगळ्यांचे चेहरे उतरले. पेटी एका सुरात, बायका भलत्याच सुरात.

पेटीवाल्या काकू तेवढ्या खुलल्या. "किती वर्षांपासून सांगून राहिली मी! माह्या पेटीकडे कोणी लक्षच देत नाही!"

मंडळ इतकी वर्षं कूलरच्या घूंऽऽ मध्ये सूर लावत आलं होतं. पेटी बिचारी आपली एकटीच वाजत होती.

"तुझ्या मशीनने बिगाडलं," एकजण म्हणाली.

"कूलर वापस टाक ना त्यात," दुसरी म्हणाली. मला आलेली ही सगळ्यात प्रामाणिक मागणी. मी इतकी हसले की आईने डोळे वटारले.

मग कूलर बंद करून पुन्हा टेप करायचं ठरलं. घामाच्या धारा लागल्या, आणि धरायला आवाजच नाही म्हटल्यावर प्रत्येकीचा सूर आपापल्या वाटेने निघाला. एक सूर धरून ठेवायची सोय पेटीत असते, पण काकूंच्या पेटीतले ते सूर कधीचेच मुके झाले होते. तानपुरा कुणाकडेच नव्हता. चार वेळा बसलो, चारही वेळा फसलो. कॅसेट पाठवायला एकच दिवस उरला.

तेव्हा आई म्हणाली, "मी सा धरून बसते. तुम्ही सगळ्या त्यावर या."

"मग तू गाशील कधी?" मी विचारलं.

"तू टेप चालू कर."

तिने पेटीचा सा घेतला आणि पूर्ण भजनभर नुसता आकार लावून बसली. शब्द नाही, ओळ नाही. आणि मंडळ काय गायलं! काकूंची पेटीसुद्धा प्रथमच त्यांच्यात बसली.

मी खुशीत ती कॅसेट प्रोग्रॅममधून काढली. टेपची खरखर गेली. आणि आई गेली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी वाजत होती ना ती! प्रोग्रॅमने माझंच ऐकलं होतं. मला रडू फुटलं. मी कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून टाकलं आणि टेपरेकॉर्डरमधली कॅसेट जशी होती तशी पाकिटात घातली.

"साफ नाही केली?" आईने विचारलं.

"नाही."

"कावून?"

"साफ केली की तू जातेस."

तिला ते किती कळलं कोण जाणे. "राहू दे मग खरखर," म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

खरखरीसकट ती कॅसेट पसंत पडली. नागपूरच्या सभागृहात माइकवाल्याने गाणाऱ्यांपुढे माइक लावले आणि आईला सोडून पुढे गेला. "ह्या बाई तर गातच नाहीत," म्हणाला. मी वाद न घालता एक माइक उचलून आईसमोर नेऊन ठेवला आणि खाली मावशीच्या मागच्या रांगेत येऊन बसले.

पडदा सरकला. पेटीच्याही आधी आईचा सा आला, आणि आख्ख्या सभागृहातली कुजबुज बंद झाली. मावशीने शेजारच्या अनोळखी बाईला कोपराने ढोसलं.

"माही लहान बहीण हाय ते," ती म्हणाली. "भिलाईची."