सुतारभावजींचा प्याला

चर्चच्या मंडळीत त्यांना सगळे द्राक्षाकाकू म्हणत, आणि काकूंना ते नाव मनापासून आवडे. लग्न होऊन आल्या तेव्हापासून प्रभुभोजनाच्या विधीत सगळ्यांना घोटभर वाटायचा आंबवलेला द्राक्षारस त्यांच्याच स्वयंपाकघरात मुरत होता. चिनी मातीची मोठी बरणी, तोंडाला फडकं, वर घट्ट दोरा. बरणीपाशी कुणी फिरकलं की काकूंचा आवाज चढे. पाहुणे पाळक हमखास विचारत, "हा मागवता कुठून?" काकू म्हणत, "घरचाच आहे, त्यात काय." त्या 'त्यात काय'मध्ये किती काय होतं, ते त्यांच्या नवऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

या अभिमानाला टाचणी लावली ती सुतारकाम करणाऱ्या धाकट्या दिरानं. हातात कसब, पण दारूपायी संसार मोडायला आलेला. मग एकदाची त्यानं सोडली. माहेरी गेलेली बायको परत आली. सगळं सुरळीत झालं, फक्त प्रभुभोजनाच्या रविवारी गीत सुरू झालं की भावजी शेवटच्या बाकावरून उठून बाहेर पडत. लोक म्हणू लागले, प्रभूचा प्याला टाळतोय म्हणजे काहीतरी पाप लपवलंय. ते ऐकून काकूंचा तिळपापड झाला आणि त्या तडक भावजींच्या कारखान्यात गेल्या.

"भावजी, घराचं नाक कापायचं ठरवलंय का?"

भावजी दारावर रंधा मारत होते. ते थांबले.

"वहिनी, रागावू नका. मी याआधीही एकदा सोडली होती. कित्येक महिने थेंब नाही. मग प्रभुभोजनाला तुम्ही प्याल्यांचा ट्रे घेऊन आलात आणि म्हणालात, तुमचा मुद्दाम काठोकाठ भरलाय."

"मग?"

"जिभेला लागला आणि सगळं अंग जागं झालं. चर्चमधून उठलो तो थेट गुत्त्यावर. ही माहेरी गेली ती त्याच आठवड्यात."

"मला बोलला का नाहीत?"

"प्रेमानं भरला होतात. काय बोलणार?"

काकू तिथेच भुशात मटकन बसल्या. त्यांनी आजवर भावजींच्या मित्रांना बोल लावला होता, गुत्तेवाल्याला शिव्या घातल्या होत्या, जावेलासुद्धा सोडलं नव्हतं. आपल्या बरणीकडे कधी बोट दाखवलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठताना म्हणाल्या, "या रविवारी उठू नका. त्यात नशेचा अंशही नसेल, माझा शब्द."

न मुरवलेल्या, ताज्या रसाचा विषय काकूंनी कमिटीत काढला, तेव्हा मंडळीचे सेक्रेटरी आडवे आले. ते शाळेचे निवृत्त हेडमास्तर, सगळ्यांचे हेडसर.

"एका माणसासाठी मंडळीची रीत मोडायची? मोह त्याचा, त्यानं आवरावा."

"मोह त्याचा, खरंय," काकू म्हणाल्या. "पण ट्रे माझ्या हातात असतो, हेडसर. मी वाटेत दगड ठेवायचा आणि वर म्हणायचं, बघून चाला?"

पाळकसाहेब हसले. "हेडसर, तो दगड आपणच उचलू या." ताजा रस ठरला. "म्हणजे आता सरबत," हेडसर पुटपुटले.

काकूंनी शुक्रवारीच रस काढला आणि हाताच्या सवयीनं त्याच जुन्या बरणीत भरला. रविवारी सकाळी फडकं सोडलं तर वर बारीक बुडबुडे आणि ओळखीचा वास. बरणीनं आपलं काम चोख केलं होतं.

"एवढ्याशानं काय होतंय?" नवरा म्हणाला. "कुणाला कळणार?"

"त्यांच्या जिभेला कळेल."

काकूंनी अख्खी बरणी मोरीत ओतली आणि नवऱ्याला फळवाल्याकडे पिटाळलं. तो काळी द्राक्षं घेऊन चर्चमध्ये पोचला तेव्हा उपासना सुरू झाली होती. मागच्या खोलीत काकू मुठीनं द्राक्षं चुरडू लागल्या. हेडसर घाई करायला डोकावले.

"काकू, प्रवचन संपत आलंय."

"मग बाह्या वर करा."

इस्त्रीच्या बाह्या वर गेल्या. हेडसरांनी जन्मात द्राक्ष चुरडलं नव्हतं. पहिल्याच मुठीला रस चष्म्यावर उडाला. पण हटले नाहीत.

गीत सुरू झालं. भावजी सवयीनं अर्धे उठले होते. काकू ट्रे घेऊन आधी शेवटच्या बाकाकडेच गेल्या.

"बसा भावजी. आत्ता पिळलाय. हेडसरांनीसुद्धा."

भावजींनी पुढे पाहिलं. वेदीपाशी हेडसर जांभळे हात लपवायला जागा शोधत होते. भावजी बसले. प्याला नाकाशी नेला, थांबले, पुन्हा हुंगला. मग प्याले. बायकोनं त्यांचा दंड घट्ट धरला होता. त्यांचे डोळे भरून आले.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "नुसतं द्राक्ष आहे."

काकूंना पुढच्या बाकांवर ट्रे नेणं अवघड झालं, कारण समोरचं काही दिसेना.

आशीर्वाद होईपर्यंत भावजी जागचे हलले नाहीत. बाहेर पडल्यावर काकू फाटकाशी उभ्या राहून त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. कोपऱ्यावर डावीकडे गुत्ता, उजवीकडे घर. भावजी बायकोशी कसलंसं बोलत, हसत, उजवीकडे वळले. काकूंनी देवाचे आभार मानले ते भर रस्त्यात, मोठ्यानं, सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असे.