बाबांच्या बोटाची तार

आधीच सांगते, मी अमरावतीत बारावीला फिजिक्स शिकवते. अंगात येणं, संकेत, साक्षात्कार... यातलं काहीही मी मानत नव्हते. आजही कोणी गंडादोरा घेऊन आलं तर दारातूनच परत पाठवते. तरी हे लिहितेय, कारण जे घडलं ते माझ्यासमोर घडलं.

माझे बाबा अकोल्याच्या तार ऑफिसातून रिटायर झालेले. मागच्या वर्षी ते अमरावतीहून अकोल्याला एका लग्नाला गेले आणि तिथे त्यांना पॅरालिसिसचा मोठा झटका आला. वाचा गेली, डोळे मिटलेले. मी धावत गेले. आई गुडघ्यांमुळे इकडे अमरावतीला आमच्या घरीच राहिली, एकटी.

पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास रशीदचाचा हॉस्पिटलात आले. दोघांनी कित्येक वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसून तारा पाठवलेल्या. चाचांनी बाबांचा हात हातात घेतला... आणि बोलता बोलता त्यांच्या बोटाकडे वाकून बघायला लागले.

"बेटा, याचं बोट हालून राहिलं."

राउंडवरचे डॉक्टर म्हणाले, "रिफ्लेक्स आहे. पेशंटला काही कळत नाही."

"तुमाले नाई कळत, साहेब," चाचा शांतपणे म्हणाले. "हा कडकट्ट आहे, आमच्या तारेचा मोर्स कोड. एक दाब छोटा, एक लांब. याचा हात मी झोपेतही ओळखतो."

ते एकेक इंग्रजी अक्षर सांगत गेले, मी औषधांच्या चिठ्ठीमागे लिहीत गेले. एस, यू, डी, एच, ए... सुधा. माझी आई. पुढे 'फॉल'. मग 'बाथ'.

आईला फोन लावला. उचलेना. शेजारच्या कल्पनाकाकूंना लावला. त्यांनी आणि काकांनी दाराची कडी तोडली. आई बाथरूममध्ये पडलेली, खुब्याचं हाड मोडलेलं — पण शुद्धीवर.

चार दिवसांनी बाबा गेले. बोट पुन्हा हललं नाही.

लोक म्हणतात, योगायोग. एक नातेवाईक तर म्हणाले, त्या म्हाताऱ्या चाचाने बनवून सांगितलं असेल. मी तोंडावर विचारलं, आई पडल्याचं तेव्हा जगात कोणाला माहीत होतं? दुसरे म्हणतात, शांती करून घे. कशाची शांती? माझ्या बापाने बायकोला वाचवलं, त्याची?

ऑपरेशननंतर मी आईला विचारलं, मोबाईल बाहेर, दार बंद... तू केलं काय?

"काय करणार होती मी? तुया बाबाले हाका मारत होती."

 याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर जरूर द्या. फक्त असं काही घडलंच नाही, हे मला सांगू नका.