शिडाखालची सावली

परवा शेजारच्या चिकूच्या वाडीत रोपांवर नवी हिरवी शेडनेट ताणत होते. तापलेल्या जाळीचा तो वास आला आणि डहाणूच्या खाडीतली आमची छोटी शिडाची होडी आठवली. उन्हात अर्धशिशी उठते म्हणून आई तिच्यात कधी बसलीच नव्हती. तिला न्यायचंच, म्हणून बाबांनी बसायच्या जागेवर बांबूच्या कमानी ठोकून तसलीच जाळी ताणली. पण होडी वळवायला शीड फिरवलं, तसा त्याचा आडवा दांडा कमानींवर धाडकन आदळला. काठावर उभी असलेली आई हसत म्हणाली, "अहो, बाळाच्या गाडीचं छप्पर कसं मागे पडतं, तसं करा ना!" मग बाबांनी कमानींना बिजागऱ्या लावल्या, मी जाळी शिवली. होडी वळवताना छप्पर पाडायचं, वळली की पुन्हा उभं करायचं. रविवारी आई बसली आणि खाडीबाहेर पडतो न पडतो तोच सावलीत तिचा डोळा लागला. परतायला होडी वळवायची वेळ झाली, तसा मी छपराला हात घातला. बाबा हळूच म्हणाले, "राहू दे, ऊन लागेल तिला." वाढवणचा किनारा मागे पडला तरी आम्ही सरळच जात राहिलो. ती जागी झाली तेव्हाच होडी वळवली; घरी पोचायला पार संध्याकाळ झाली. "त्या दिवशी तुझ्या बाबांना वाटच सापडेना," असं आई अजून सगळ्यांना सांगते, आणि बाबा खुशाल मान डोलावतात.