निरोपमामा आणि मोठं फाटक

साबणाच्या त्या कारखान्यात एक रीत होती. रोजची जा-ये छोट्या दरवाजातून, वाकून. मोठं फाटक मालाच्या गाड्यांसाठी. पण माणूस निवृत्त झाला की त्याच्या एकट्यासाठी ते फाटक सताड उघडायचं, आणि त्याने ताठ मानेने मधोमध चालत बाहेर पडायचं. जन्मात एकदाच मिळायचा हा मान. मामा तीनदा असे बाहेर पडले होते, आणि तिन्ही वेळा पुढच्या सोमवारी छोट्या दरवाजातून वाकून आत आले होते. म्हणून सगळे त्यांना निरोपमामा म्हणत.

मामा साच्यांचे फिटर. साबणाच्या वडीवर नाव उमटवणारा साचा बसवायचा, झिजला की काढायचा, घासूनपुसून परत लावायचा. ते नोकरीला लागले तेव्हा एका जागेसाठी फाटकाबाहेरची रांग कोपऱ्यावरच्या सलूनपर्यंत गेली होती, आणि न्हाव्याने तेवढ्यात निम्म्या रांगेची दाढी उरकून घेतली होती. कँटीनमध्ये तेव्हा उभ्याने जेवावं लागे. आता त्याच फाटकावर ‘कामगार पाहिजेत’ अशी पाटी होती. ती उन्हाने पुसट झाली तेव्हा रंगवायलाही माणूस मिळेना, म्हणून मामांनीच रंगवली. कँटीनमध्ये ज्याच्या त्याच्या वाट्याला अख्खं बाक येई आणि मीठ हवं असेल तर हाक मारावी लागे.

निरोपाच्या दिवशी आपला पाना पुढच्या माणसाच्या हातात द्यायचा, हीही रीतच. पहिल्या वेळी मामांनी तो एका नव्या गड्याला दिला. पण नव्याचे नऊ दिवससुद्धा भरले नाहीत, गडी मोबाइलच्या दुकानात जाऊन बसला. दुसऱ्या वेळी घेणाराच सापडेना, तेव्हा पाना वॉचमनला दिला. तिसऱ्या वेळी स्वतः साहेबांनी घेतला, आणि तो कुठल्या बाजूने धरायचा असतो ते मामांनाच विचारलं. प्रत्येक वेळी एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरात तीन घड्याळं झाली आणि तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवू लागली.

ती घड्याळं मामींच्या डोळ्यांत खुपायची. कारण लग्न नवं होतं तेव्हा दोघांमध्ये एक करार झाला होता: मामांची नोकरी संपली की मामींचीही संपणार, आणि स्वयंपाकघर मामांच्या ताब्यात जाणार. निवृत्ती तेव्हा इतकी लांब होती की मामांनी बेलाशक मान डोलावली. मामी मात्र विसरल्या नव्हत्या.

तिसऱ्या निरोपानंतर मामा पुन्हा डबा भरून मागू लागले तेव्हा त्या म्हणाल्या, “तुम्हाला निरोपावर निरोप. आणि मला काय, मरेपर्यंत मुदतवाढ?”

“अगं, मी कुठं जातोय हौसेनं? साहेबांनी अगदी हात जोडले.”

पहिल्या दोन वेळा हे खरं होतं. तिसऱ्या वेळी हात मामांनीच जोडले होते. दोन माणसांना न उचलवणारा साचा मामा हलकेच काढत, पण कांद्यापुढे ते हात टेकत. मामींना एकदा ताप आला होता तेव्हा त्यांनी भात केला होता. ताप उतरला, पातेलं मात्र गेलं. शिवाय दिवसभर घरात करायचं काय, हा प्रश्न होताच. हे बायकोला सांगायची त्यांना लाज वाटे.

शेवटी मामी स्वतःच उठून कारखान्यात गेल्या. “आमच्या माणसाला सोडा,” त्यांनी साहेबांना सांगितलं.

साहेबांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. “मामी, ही देशातल्या काम करणाऱ्या माणसांची रेघ. कित्येक वर्षं चढत होती, कारण जितके निवृत्त व्हायचे त्याहून जास्त पोरं नव्याने कामाला लागायची. मग घरोघरी मुलं कमी झाली. आता जाणारे जास्त, येणारे कमी. बघा कशी घसरतेय.”

“आणि ही ठिपक्याठिपक्यांची, वर जाणारी?”

“ती नुसती आशा. घरी बसलेल्या बायका कामाला आल्या तर.”

“घरी बसलेल्या,” मामी म्हणाल्या.

साहेब शहाणे होते. त्यांनी ताबडतोब चहा मागवला.

“म्हणजे मी या रेघेत नाही?”

“मोजणीत नाही धरत. पगार नाही ना.” विषय बदलावा म्हणून साहेबांनी घाईघाईने सांगून टाकलं, “आणि खरं सांगू का, या खेपेला मी मामांना बोलावलंच नव्हतं. तेच आले.”

मामींनी चहा एका दमात संपवला. मग त्यांनी विचारलं, “आठवड्याची सुट्टी असते?”

“असते की.”

“दुपारचं जेवण?”

“कँटीनमध्ये. आयतं.”

“आणि शेवटी मोठं फाटक?”

“सगळ्यांनाच.”

त्या संध्याकाळी मामींनी घरी एवढंच सांगितलं, “शुक्रवारी तुमचं फाटक, सोमवारी माझा दरवाजा. पॅकिंगला लागतेय मी.” मामांच्या हातातला घास हातातच राहिला.

चौथ्या निरोपाला पाना पॅकिंगमधल्याच एका बाईंनी घेतला, नीट धरला, आणि संध्याकाळपर्यंत साचाही बदलून दाखवला. मामा फाटकातून बाहेर पडले ते रडतच. लोकांना वाटलं, कारखान्याच्या आठवणीने.

सोमवारी मामी कामावरून परतल्या. पाय सुजलेले, अंगाला साबणाचा वास. मामांनी करपलेली भाजी वाढली आणि विचारलं, “कसं होतं?”

“बसून जेवले,” मामी म्हणाल्या. “गरम होतं. कुणी मध्येच उठवलं नाही.” इतक्या वर्षांत बायको कधी जेवते हे आपण पाहिलंच नाही, याचं मामांना मनापासून वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी भाजी कमी करपली.

वर्षं गेली. मामांचा हात बसला. आधी भात, मग भाजी, मग पाहुण्यांनी मागून घ्यावं असं सगळंच जमू लागलं. तरी मनातून ते मामींच्या निवृत्तीकडे डोळे लावून बसले होते. गुडघे कुरकुरत होते, आणि करार करारच असला तरी दोघांनी मिळून चूल सांभाळायला काय हरकत होती? मामींच्या निरोपाच्या दिवशी ते हजामत करून फाटकाबाहेर वेळेआधीच हजर झाले.

फाटक सताड उघडलं. मामी मधोमध चालत आल्या, ताठ मानेने, काखेत घड्याळ. मामांनी पुढे होऊन घड्याळ घेतलं. घरातलं पाचवं.

“चला, सुटलीस एकदाची,” ते म्हणाले.

मामी पुढे बघत चालत राहिल्या. “सोमवारी परत यायचंय म्हणे. काय करणार? साहेबांनी अगदी हात जोडले.”

मामांनी एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

“डब्याला काय देऊ?” त्यांनी विचारलं.