कोपऱ्यावरची मेंदी

सुनिताचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या उलटत होते. “ताई, बाबा गेले. परवाच गेले. वर डोंगरात नेटवर्क नव्हतं, म्हणून कळवायला उशीर झाला,” ती म्हणाली. आठ-दहा दिवस ताप होता, दवाखान्यातून घरी आणलं होतं, बरं वाटतंय म्हणत होते... आणि मग सकाळी उठलेच नाहीत. मग तिनंच विचारलं, मेंदी कशी आहे? तिचे वडील, दरवर्षी आमचं मेंदीचं कुंपण छाटणारे वेस्तादादा, फोन केला की आधी हेच विचारायचे. माझी तब्येत, सुनेची बाळंतपणं, शाळेतल्या जुन्या गोष्टी हे सगळं त्यानंतर. सुनिता अंगणवाडीत शिकवते, बापापेक्षा पुष्कळ बोलकी आहे, पण त्या दिवशी तिचा आवाज अगदी त्यांच्यासारखा वाटला. याला आता सव्वा महिना झाला.

शहाद्याला आमच्या कॉलनीत घर बांधलं तेव्हा चहूबाजूंना माळ होता. भिंत घालण्यापेक्षा मेंदीचं कुंपण करू, असं आमच्या यांनी ठरवलं. नंदुरबारहून येताना ते काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीनं घेऊन आले आणि पहिली काडी त्यांनी कोपऱ्यावर, जिथे गल्ली वळते तिथे लावली. पुढे वीसएक वर्षं दर पावसाळ्यात ते स्वतः कुंपण छाटायचे. ते गेल्यावर मी त्याला कुणालाच हात लावू दिला नाही. मुलगा सुरतेला होता. तो म्हणायचा माणूस लाव, मी हो म्हणायचे आणि लावायचे नाही. पाच वर्षांत मेंदी माझ्या डोक्यावरून हातभर वर गेली. रस्त्यावर फांद्या आल्या, ओसरीत दुपारीसुद्धा दिवा लावावा लागू लागला. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटत होतं. मी शाळेतून निवृत्त झाले होते, कुणी बघत नव्हतं, कुणाकडे बघावं लागत नव्हतं.

मग एका संध्याकाळी समोरच्या सुमनबाईंचे यजमान स्कूटरवरून घरी येत होते. आमच्या कोपऱ्यावर वळताना पलीकडून उसाचा ट्रॅक्टर आला. मेंदीमुळे दोघेही एकमेकांना दिसले नाहीत. ट्रॅक्टर हळू होता म्हणून जीव वाचला, पण त्यांचा पाय मांडीत मोडला आणि ते पाच महिने खाटेवर होते. सुमनबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघायच्याच बंद झाल्या. मी त्यांच्या घरी जायला हवं होतं, रोज ठरवायचे... आणि मेंदीच्या आतच राहायचे. गल्लीतले लोक म्हणू लागले, मशीन आणून मुळासकट उपटून टाका. तेव्हा कुठे मी माणूस शोधायला लागले.

वेस्तादादांचं नाव मला भाजीवालीनं सांगितलं. धडगावच्या पुढे, घाटातल्या एका पाड्यावर त्यांचं घर. तारुण्यात त्यांनी एका सरकारी बंगल्याच्या बागेत काम केलेलं, तिथे कुंपण छाटायला शिकलेले. नंतर तोच धंदा झाला. आषाढात मका पेरून झाला की ते खाली उतरायचे आणि पंधरा-वीस दिवस शहाद्यातली कुंपणं छाटून परत जायचे. उंच, बारीक, डोक्याला पांढरा रुमाल. आले ते आधी घराला दोन फेऱ्या मारल्या. मग मेंदीत खांद्यापर्यंत हात घातला आणि बराच वेळ आत चाचपत राहिले, जनावराच्या पोटावर हात ठेवावा तसे. मी त्यांना म्हटलं, कंबरेइतकी करा, आजच्या आज. त्यांनी नकारार्थी मान हलवली. घरी ते पावरी बोलीतच बोलत, पण बाजारात वावरून आमच्याकडची अहिराणी त्यांना चांगली येत होती.

“ताई, हाई एकदम कापं ते जळी जाई. तीन वरीस लागतीन. यंदा रस्ताकडनी बाजू, मंग आतली, मंग माथा.”

आत नुसती काटकं आहेत, पान एक नाही. सगळीकडून उघडी केली तर आपल्याकडचं ऊन तिला सोसायचं नाही, असं त्यांनी समजावलं. पण मला वेगळंच बरं वाटलं होतं. उंची दोन वर्षं तशीच राहणार होती.

त्या वर्षी त्यांनी रस्त्याची बाजू आत घेतली. पहाटेच यायचे, लांब दांड्याची कात्री दगडावर पाणी टाकून घासायचे आणि वरून खाली न कापता खालून वर कापत जायचे. बुडाशी रुंद, वर अरुंद, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळतं. बोलणं जवळजवळ नाहीच. एका ठिकाणी बुलबुलाचं घरटं निघालं तर तेवढा भाग सोडून पुढे गेले. पिल्लं उडाल्यावर तेवढ्यासाठी पुन्हा एक फेरी मारली.

दुसऱ्या वर्षी आतली बाजू व्हायची होती. मी दुपारी जरा आडवी झाले होते. उठून बाहेर आले तर ओसरीत ऊन आलेलं... कोपऱ्यावरची चार-पाच झुडपं त्यांनी गुडघ्याएवढी करून टाकली होती. यांनी लावलेलं पहिलं झुडूपही त्यातच. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं, पण इतका आवाज कधी चढवला नव्हता. तुम्हाला कुणी सांगितलं होतं, त्याला हात का लावलात, जा, पुन्हा येऊ नका. काय काय बोलले ते सगळं आता लिहवत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. पडलेल्या फांद्यांची मोळी बांधून एका कडेला ठेवली, कात्री पुसून पिशवीत घातली आणि गेले.

मी कितीतरी वेळ त्या कोपऱ्यावर उभी राहिले. तिथून डावीकडे थेट कालव्याच्या रस्त्यापर्यंत दिसत होतं. उजवीकडे सुमनबाईंचं दार. तेवढ्यात सुमनबाईंचे यजमान काठी टेकत आले. त्यांनीच सांगितलं की वेस्तादादा सकाळी त्यांच्याकडे आले होते, नेमकं कुठे पडलात ते दाखवा म्हणाले आणि तिथे स्वतः उकिडवे बसून बघितलं, स्कूटरवर बसलेल्या माणसाला ट्रॅक्टर कुठून दिसेल ते. मला जे दोन वर्षं जमलं नव्हतं ते या माणसानं एका सकाळी केलं होतं. मी तशीच त्यांच्यामागून सुमनबाईंच्या घरात गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. चुकलं माझं, एवढंच म्हणता आलं.

“बाई, तुम्ही येशात आसं वाटनं नव्हतं माले,” सुमनबाई म्हणाल्या. मग पाट पुढे सरकवला. “बसा.”

आठ दिवसांनी, वेस्तादादा गावी परतल्याचं भाजीवालीकडून कळल्यावर मी धडगावची एसटी धरली. पुढे जीपनं, मग अर्धा तास पायी. सुनिता तेव्हा कॉलेजात होती, सुट्टीला आलेली. वेस्तादादांचं घर विचारलं तशी तिनंच मला रस्त्यात ओळखलं. वेस्तादादा मक्यात निंदत होते. मी क्षमा मागायला लागले तर त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं की त्यांनी विषय बदलून पाणी मागवलं. शेताच्या कडेला वाकडंतिकडं, दात पडल्यासारखं कुंपण होतं. माझं लक्ष तिकडे गेलेलं बघून ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, “आमनं कुंपन बकऱ्या कापतस.” त्यांच्या घरी मी भाकरी आणि उडदाची डाळ जेवले. निघताना त्यांनी विचारलं, कोपऱ्याला फूट आली का? मी पाहिलंच नव्हतं. घरी येऊन वाकून बघितलं तर यांच्या झुडपाच्या बुंध्यावर तांबूस कोंब होते, तांदळाएवढे.

तिसऱ्या वर्षी राहिलेली आतली बाजू झाली आणि माथा उतरला. काम झाल्यावर मी चहा आणला तर ते आत आले नाहीत. कप घेऊन रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि मलाही बोलावलं. कुंपण घरातून बघू नये, म्हणाले, बाहेरचे लोक ते रोज बघतात. मग चहा संपेपर्यंत आम्ही दोघं बघत उभे राहिलो. कप रिकामा झाला की ते कात्री घेऊन एखाददुसरं पान कापायचे, कधी काहीच नाही. त्यानंतर सात वर्षं हे असंच चाललं. काठी गावच्या होळीनंतर एकदा फोन आणि आषाढात ते स्वतः. गेल्या वर्षी त्यांना दम लागत होता, कात्री ठेवून मधेमधे बसून घ्यायचे. मी म्हटलं, आता सुनितालाच विचारा की कधी थांबायचं. ते म्हणाले, तीच तर थांब म्हणते.

मागच्या आठवड्यात सुमनबाईंनी बघून दिलेला एक माणूस आला. पेट्रोलचं मशीन, डोळ्यांना चष्मा. दीड तासात चारही बाजू झाल्या, आणि कुठे बोट ठेवावं असं काही नव्हतं. मशीन थंड व्हायला ठेवून तो घाम पुसत उभा राहिला. मी आत जाऊन चहा केला, एक कप त्याला दिला आणि माझा घेऊन रस्ता ओलांडला. सुमनबाईही दारातून येऊन शेजारी उभ्या राहिल्या.

“बराबर शे का, मावशी?” त्यानं विचारलं.

मी त्याला हातानं थांब म्हटलं. माझा चहा अजून संपला नव्हता.