तो तिकडं काय खायचा

पोलंडमध्ये माझ्या खोलीत राहणारा मित्र कुरुंदवाडचा होता. तो माझ्याआधी गावी परतला, पण पेटीतून. माझा करार संपायला अजून बरेच महिने होते, त्यामुळं त्याच्या मातीला मला येता आलं नाही. परत आल्यावर त्याच्या घरी जायचं मनात होतं, पण जाऊन काय बोलायचं ते सुचत नव्हतं. मग एका गुरुवारी सकाळी त्याची आईच शिवाजी पेठेत आमच्या दारात उभी राहिली. हातात कापडी पिशवी, पायात धुळीनं भरलेल्या चपला.

"इचारत इचारत आलो," ती म्हणाली. "तालमीतल्या पोरांनी घर दावलं."

मी तिला लगेच ओळखलं. तिचा चेहरा मी फोनवर कितीतरी वेळा बघितला होता. मी मावशी म्हणून पाया पडलो आणि तिला आत घेतलं. बायकोनं चहा ठेवला. मावशीनं चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि सरळ मला विचारलं, "त्यो तिकडं काय खाईत हुता?"

"समदंच की मावशी. भात, आमटी. आम्हीच करायचो."

"ते न्हवं. ऐतवारी करायचा ते. फोन तव्याजवळ धरायचा बघ, मला आवाज ऐकवायला."

मला कळलं ती कशाबद्दल बोलतीये.

आम्ही दोघं तिथं मांसाच्या कारखान्यात पॅकिंगला होतो. दिवसभर गारठ्यात उभं राहायचं, पट्ट्यावरून येणारे तुकडे ट्रेमध्ये भरायचे. हातमोज्यांवर हातमोजे घातले तरी बोटं बधिर व्हायची. वाकडीतिकडी निघालेली सॉसेजं, म्हणजे पातळ सालीत भरलेल्या खिम्याच्या कांड्या, कामगारांना घरी न्यायला मिळत. डुकराची असायची. आम्हा दोघांच्याही घरात ते चालणारं नव्हतं, पण तिथं रोजच्या डाळभाताला आम्ही कंटाळलो होतो.

पहिल्यांदा आम्ही ती भज्यांसारखी मोठ्या आचेवर तळायला गेलो. साल टराटरा फुटली, आतलं सगळं तेलात उतरलं आणि खोलीभर धूर झाला. बाकीच्या पोरांनी शिव्या घातल्या. माझ्या मित्रानं मात्र ते मनावर घेतलं. दर रविवारी तो थोडं थोडं बदलून बघायचा. शेवटी त्याला जमलं. गार तव्यात सॉसेजं ठेवायची, तळ झाकेल एवढंच पाणी घालायचं, झाकण ठेवून मंद आचेवर आतपर्यंत शिजू द्यायची. पाणी आटलं की चमचाभर तेल सोडायचं आणि बारीक आचेवर फिरवत राहायचं. टोचायचं नाही. साल हळूहळू ताणते, सगळीकडून तांबूस होते, आणि दातानं तोडली की कुरकुरते.

"भोक पाडू नगंस मर्दा," तो मला दरडावायचा. "आतलं आतच ऱ्हाऊ दे."

मग आईला व्हिडिओ कॉल लावायचा. ती विचारायची, कशाचं हाय? तो म्हणायचा, कोंबडीचं. आणि माझ्याकडं बघून डोळा मारायचा.

त्या हिवाळ्यात त्याला खोकला झाला, मग ताप आला. गोळ्या घेऊन तो कामावर येत राहिला. रजा घेतली की आपलं काम दुसऱ्याला देतात, अशी सगळ्यांनाच भीती होती. एका सकाळी त्याला उठताच येईना. श्वास घेताना छातीतून घरघर येत होती. आम्ही ॲम्ब्युलन्स बोलावली. त्याला घेऊन गेले आणि मला शिफ्टला जावं लागलं. तो दवाखान्यातच वारला. दोन्ही फुप्फुसं भरली होती, असं दुभाष्यानं मला सांगितलं.

"ते मला करून दाव," मावशी म्हणाली.

माझी बायको हळूच म्हणाली, "मावशी, आज गुरुवार हाय." कुरुंदवाडच्या अलीकडंच नरसोबाची वाडी. तिकडची माणसं गुरुवार किती कडक पाळतात ते तिला ठाऊक होतं.

"असू दे," मावशी म्हणाली. "मी गुरुवार सोडलेत."

बायको पिशवी घेऊन बाहेर पडली आणि जवळच्या दुकानातून फ्रोझन पाकीट घेऊन आली. मी ते तव्यात टाकलं तेव्हा लक्षात आलं की या सॉसेजांना सालच नव्हती. पाणी आटलं, तेल घातलं, कितीही फिरवलं तरी ती रबरासारखी मऊच राहिली. मावशी स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून बघत होती.

"आवाज येईना," ती म्हणाली.

मी गॅस बंद केला आणि मोटारसायकल काढली. राजारामपुरीतल्या कोल्ड स्टोरेजवाल्याकडं सालीची आहेत का विचारलं. त्यानं पाकिटं उलटीपालटी केली, आतल्या फ्रीजरमध्ये जाऊन शोधलं आणि एक काढून दिलं. कोंबडीचीच होती, पण वर पातळ साल होती. घरी आलो तर दोघी होत्या तशाच बसल्या होत्या. बायको लसूण सोलत होती आणि मावशी तिच्याकडं बघत होती.

बर्फ पुरता सुटायच्या आधीच मी घाई केली. पहिलं सॉसेज मधोमध उकललं. मावशी म्हणाली, "सावकाश कर बाळा. मला शेवटची गाडी चालतीय."

दुसऱ्या खेपेला मी घाई केली नाही. पाणी आटलं, आणि मग तो बारीक तडतड आवाज सुरू झाला. मावशी उठून गॅसजवळ आली. कान देऊन उभी राहिली. साल चांगली तांबूस झाल्यावर मी ताटलीत काढून तिला दिलं. सोबत भाकरी ठेवली. तिनं भाकरी बाजूला सारली, सॉसेज हातात धरलं आणि पुढच्या दातांनी तोडलं. साल कटकन तुटली.

"कोंबडीचं?"

"व्हय मावशी."

इथं तरी ते खरं होतं.

ती खात होती. अर्धं झाल्यावर थांबली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पेटीत त्योच हुता का रं?"

मी हातातला झारा खाली ठेवला.

"पेटी उघडू दिली न्हाई कुणी," ती म्हणाली. "मुंबईस्नं गाडी घिऊन आलेला माणूस म्हणला, उघडायची न्हाई. माझा दीर म्हणला, कागदावर नाव हाय की. कागदावर नाव आसंल, पर आत कोण हाय कुणी बघितलं? तशीच पेटवून दिली. तू बघितलतास काय?"

तेव्हा मला कळलं, ही बाई एस्टीनं एवढ्या लांब कशासाठी आली होती. बायकोनं मान खाली घातली.

"बघितलतं, मावशी," मी म्हणालो. "ओळख पटवायला मलाच नेलतं. चादर काढली तवा मी शेजारीच हुतो."

"कशावरनं त्योच?"

"हनवटीखाली टाक्यांची खूण."

"विहिरीच्या काठावर आपटलता," ती म्हणाली. "दाढी?"

"वाढली हुती."

"डोळं?"

"मिटलेलं."

"अंगावर काय पांघरूण हुतं का?"

"हुतं."

"लई गारठा आसतोय न्हवं तिकडं," ती म्हणाली.

मी नुसती मान हलवली. तिनं राहिलेलं अर्धं सॉसेज सावकाश चावून संपवलं. पाणी मागितलं. ताटली उचलून मोरीवर नेली आणि बायको नको नको म्हणत असताना स्वतः धुतली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं रडावं म्हणून मी वाट बघत होतो, म्हणजे मलाही काहीतरी बोलता आलं असतं.

मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागलेलीच होती. खिडकीजवळ बसून तिनं पिशवी मांडीवर घेतली. मी खालून म्हणालो, "पोचलात की फोन करा मावशी." ती समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत होती. ऐकलं की नाही, कळलं नाही. गाडी सुटली.

फोन आला तो पुढच्या महिन्यात, मित्राच्या चुलत्याचा. वर्षश्राद्ध घालणार आहोत, ये म्हणाला. आतापर्यंत वहिनी, म्हणजे मावशी, घालू देत नव्हती, आता तिचं काही म्हणणं नाही, असंही त्यानं सांगितलं.

"मावशी बऱ्या हायेत का?" मी विचारलं.

तो म्हणाला, "आधी रोज भांडायची गा आमच्यासंगं. पेटी दुसऱ्याचीच म्हणायची. दारात गाडी वाजली की उठून बघायची. एजंटाला फोन लावायला लावायची, दूतावासात लावायला लावायची. आम्ही वैतागलतो. तुझ्याकडनं आली आणि गप झाली. आता फोन वाजला तरी उठत न्हाई. रानात येत न्हाई. वाढलं तर खाती, न्हाई वाढलं तर मागत न्हाई." मग त्यानं विचारलं, "तू काय सांगितलंस तिला?"

"तिनं इचारलं ते सांगितलं."

"व्हय," चुलता म्हणाला. "कुणीतरी सांगायलाच पायजे हुतं."

पण त्याच्या आवाजात तशी खात्री नव्हती. मागं कुठंतरी म्हैस ओरडत होती, आणि कुणीतरी बाई तिला हाकलत होती. मी कान देऊन ऐकलं. तो आवाज मावशीचा नव्हता.