वाळवणाची छत्री

ऑक्टोबरातला रविवार, जुन्या डिश छत्रीची ठरलेली किंमत दीड हजार रुपये, आणि हजर आम्ही तिघं: मी, माझी बायको आणि पळसदरीतल्या आमच्या शेजारीण चाची. चाचा हयात असताना गावात केबल चालवायचे. त्यांची बारा फुटी जाळीची छत्री आता परसात उताणी पडली होती आणि चाची तिच्यात मिरच्या वाळवत होत्या.

“पैसे आता नको,” चाची म्हणाल्या. “चित्र दिसलं तर ने. नाय दिसलं तर माझी मिरच्यांची जागा परत आणून ठेव.”

ती छत्री अजून एखादं चॅनल पकडते का, एवढंच मला पाहायचं होतं. गंज घासला, फाटकी जाळी तारेने शिवली, रिसीव्हर आणि टीव्ही जोडला, छत्री उभी करून फिरवून पाहिली. पडद्यावर काहीच नाही. मग काठावरून दोन दोऱ्या आडव्याउभ्या ताणल्या. काठ सपाट असेल तर त्या मधोमध एकमेकींना टेकतात. इथे बोटभर फट होती. स्वयंपाकघराकडची कड खचली होती. मिरच्यांवरचं कापड उडू नये म्हणून चाची दगड नेहमी त्याच बाजूला ठेवायच्या.

कड उचलून बोल्ट आवळले, छत्री पुन्हा हळूहळू फिरवली, आणि कुठल्याशा परक्या भाषेतल्या बातम्या लागल्या.

“काय बोलतोय रं तो?”

“मला नाही कळत, चाची.”

“ह्यांनापण कळायचं नाय. तरी बघत बसायचे.”

दीड हजार त्यांनी घेतलेच नाहीत. मिरच्या आता कुठे वाळवू, एवढंच विचारलं. शेवटी त्यांच्यासाठी जाळीची खाट करून घेतली आणि अठराशे रुपये कुंभिवलीच्या वेल्डरला दिले.